कुबड्या माशांचं तळं

ताटाच्या कडेला काढून ठेवलेला माशाचा कणा शेपटीच्या थोडा अलीकडे वाकलेला होता. मोडलेला नव्हता. मोडलेल्या हाडाला टोकं असतात. इथे बारीक मणके एकमेकांना नीट जुळलेले होते आणि तरीही सगळी रांग मध्येच वर चढून पुन्हा खाली उतरली होती, टेकाडावरून जाणाऱ्या पायवाटेसारखी.

शंकासूरने घास हातातच ठेवला आणि शेजारच्या ताटाकडे पाहिलं.

"तुझा कणा दाखव."

"मी सरळच बसलोय!" तोफ म्हणाला.

"माशाचा रे!"

दोघांची खरी नावं शाळेच्या हजेरीत होती. सुट्टीत ती कुणी वापरत नसे. तेरा वर्षांच्या बहिणीला कशाचीही शंका यायची आणि बारा वर्षांच्या भावाला हळू बोलता यायचं नाही. दोघं सुट्टीला मामाकडे आली होती. मामाचं घर सरोवराच्या काठावर होतं. तो सरोवरात जाळी टाकायचा आणि शिवाय घरामागे बांध घालून केलेल्या तळ्यात मासे वाढवायचा. दोन्हीकडचे मासे एकाच टोपलीतून स्वयंपाकघरात यायचे. टोळीतली तिसरी भिडू मामाची आठ वर्षांची मुलगी. अंगाने बारीक, पण हातात सापडेल तर शपथ! म्हणून ती चिंगळी.

तोफच्या ताटातला कणा वाकडा निघाला. चिंगळीच्या ताटातला सरळ.

"मामी, हे मासे असेच असतात का गं?"

मामी भिंतीला उशी लावून बसली होती. तिला सातवा महिना होता. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितल्यापासून मामा स्वतः तिच्यासाठी माशांची डोकी आणि काटे उकळून रस्सा करायचा. माशांची काळजंही तिच्या वाटीत वेगळी काढून ठेवायचा, त्यातलं एकही दुसऱ्या कुणाला मिळायचं नाही.

"काही काही निघतात कुबडे," मामी म्हणाली. "साफ करताना हाताला लागतात. गेल्या वर्षापासून जरा जास्तच. मी यांना कितीदा म्हटलं, चार दिवस विक्री थांबवू, काय आहे ते बघू."

"मग?"

"मग काय! 'ही खेप जाऊ दे, मग बघू.' ती खेप जाते, दुसरी येते."

"माणसांत नसतात का कुबडी?" मामा हसत म्हणाला. "चवीत फरक आहे? नाही ना? मग जेवा गुपचूप! वसतिगृहाची मुलं माझ्या माशांची वाट बघत असतात. त्यांच्या आचाऱ्याने एकदा तरी तक्रार केली का?"

सगळे हसले. शंकासूरही हसली, पण तिने तिन्ही कणे धुऊन खिडकीत वाळत घातले.

*

"कारखाना!" दुसऱ्या दिवशी सकाळी तोफने जाहीर केलं. "पलीकडच्या काठावरचा रंगाचा कारखाना. धुराडं बघितलंस ना? रंगाचं पाणी सरोवरात सोडत असणार. मासे पितात आणि वाकतात. संपला तपास!"

"अजून सुरू तरी झालाय का?"

"तू ना, सूर्य उगवला तरी विचारशील, पुरावा काय!"

तरीही ती निघाली, कारण तिलाही कारखान्याचाच संशय होता. मामाने छोटी होडी दिली. 'काठाला धरून जायचं आणि चिंगळीचं ऐकायचं' ही अट घातली. वल्ही मारण्यात चिंगळी दोघांची गुरू होती.

कारखान्याची मोरी एका खडकाळ कोपऱ्यात उघडत होती. पाणी जरासं कोमट होतं, पण नितळ होतं. दगडांना गोगलगायी चिकटल्या होत्या. चिंगळीने गळ टाकला. पहिला मासा वर आला तेव्हा तोफ इतक्या जोरात ओरडला, की होडीने एक हेलकावा खाल्ला.

"कुबडा आहे? कुबडा आहे?"

शंकासूरने वल्ह्याची सरळ कड माशाच्या पाठीला लावली. पाठ कडेला अगदी बसली. दुसरा मासाही सरळ. तिसरा सरळ. मग तिघं पाळीपाळीने गळ टाकत राहिली, ऊन डोक्यावर येईपर्यंत. एकही मासा वाकडा निघाला नाही.

"एवढं मोठं धुराडं," तोफ हिरमुसून म्हणाला, "आणि एक कुबडा मासा नाही! काय उपयोग?"

"कारखाना निर्दोष आहे असं यातून ठरत नाही," शंकासूर म्हणाली. "पण आपले कुबडे मासे इथले नाहीत."

"मग कुठले?"

शंकासूरने वल्हं उचललं आणि होडी घराकडे वळवली. खलनायक समोर उभा असावा आणि तो खलनायकच नाही असं निघावं, तसं तिला झालं होतं.

*

मासे साफ करायची पडवी घराला लागूनच होती. सिमेंटचा उतरता ओटा, पाण्याची नळी, भिंतीला टांगलेल्या सुऱ्या. सकाळची मासळी मोठ्या टबात ओतलेली होती, सरोवरातली आणि तळ्यातली एकत्रच. मामी थकून आत आडवी झाली होती, म्हणून मुलांनी मासे धुवायचं काम मागून घेतलं.

"वल्हं आण," शंकासूरने फर्मावलं. "प्रत्येक माशाची पाठ मोजायची. सरळ इकडे, वाकडे तिकडे."

दोन ढीग वाढत गेले. सरळांचा मोठा, वाकड्यांचा लहान. चिंगळी वाकडे मासे ओळीने मांडत होती. तिला कुठलीही गोष्ट ओळीने मांडायला आवडायची. अचानक ती थांबली.

"ताई, या सगळ्यांचा एक पर नाहीये."

"कुठला?"

"पोटाखालचा. डावा. हे बघ, याचाही नाही. आणि याचाही!"

शंकासूर गुडघ्यावर बसली. पोटाखाली दोन पर असायला हवेत. इथे एकच होता. दुसऱ्याच्या जागी गुळगुळीत वण. तिने सरळ माशांचा ढीग उलटापालटा केला. त्यात काहींचा पर कापलेला होता, पण बहुतेकांचे दोन्ही पर शाबूत होते.

"कोण कापतं हे?"

"बाबा," चिंगळी सहज म्हणाली. "पिल्लं तळ्यात सोडताना. छोटी कात्री आहे त्यांची. पुराच्या वेळी तळ्यातले मासे सरोवरात पळाले, तर आपले ओळखू यावेत म्हणून."

शंकासूरने नळी बंद केली.

"पर कापलेला प्रत्येक मासा वाकडा नाही," शंकासूर सावकाश म्हणाली, "पण वाकड्या माशांत एकही अखंड पराचा नाही."

"म्हणजे?" तोफने विचारलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याचा आवाज कुजबुजीएवढा होता.

"म्हणजे सरोवराचा दोष नाही. जे काही आहे ते आपल्या तळ्यात आहे."

चिंगळीने हातातला मासा खाली ठेवला. "बाबांच्या?" ती म्हणाली.

*

तळं दिसायला छान होतं. एका बाजूला गवत आणि दुसऱ्या बाजूला काळ्या चौकोनी खोक्यांची एकावर एक रचलेली भिंत. बांध ढासळला तेव्हा मामाने ती स्वतः रचली होती. खोक्यांत माती भरलेली होती आणि वरच्या थरावर बसून पाय पाण्यात सोडायची चिंगळीची ठरलेली जागा होती.

"पाणी हिरवं आहे, वास नाही," शंकासूर म्हणाली. "वर कुठला ओढा येऊन मिळत नाही. मग?"

"तळाशी काहीतरी पुरलं असेल!" तोफ म्हणाला आणि भिंतीवरून वाकून बघू लागला. पाय घसरला. त्याने धरायला हात मारला तो एका खोक्यालाच. खोकं, माती आणि तोफ तिन्ही मिळून पाण्यात!

"मला पोहता येतं!" तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गरजला.

"दिसतंय! ते खोकं वर दे."

खोक्यातली माती धुऊन गेली होती. आत उभे कप्पे होते. कप्प्यांच्या तळाशी करड्या रंगाचा चिकट थर बसला होता आणि एका कोपऱ्यात धातूच्या पातळ जाळीचा तुकडा अडकलेला होता. शंकासूरने काडीने जाळी दाबली. ती मऊ पत्र्यासारखी वाकली.

"ही बॅटरी आहे," तोफ म्हणाला. "ट्रकची! शेजारच्या गॅरेजमध्ये बघितलीय मी."

"हात वर. बाहेर ये. तोंडाला हात लावायचा नाही. चिंगळे, तूही चल. साबणाने हात आणि पाय, दोनदा!"

"पण का?"

"कारण बॅटरीत शिसं असतं. पाण्यात उतरलं की ते दिसत नाही, त्याला वास नाही आणि पोटात गेलं की सहज बाहेर पडत नाही. हाडांत जाऊन बसतं. मोठ्यांना वाईटच, पण लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. आणि..." ती थांबली.

"आणि काय?"

"आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत जातं."

चिंगळीने घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाफ येत होती. मामाने रस्सा चढवला होता.

*

"खोकी रिकामी होती ती!" मामा म्हणाला. "गॅरेजवाला फेकून देणार होता. म्हटलं, वर्षानुवर्षं कुजणार नाहीत, बांधाला बरी. आणि तशीच नाही लावली हं. एकेक घासून धुतलंय मी!"

"कुठे धुतलीस?" शंकासूरने विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच. तळ्यात."

आपण काय बोललो ते मामाच्या लक्षात आलं असावं, कारण तो उगाच डावाने रस्सा ढवळत राहिला.

"हे बघ," तो शेवटी म्हणाला, "तू हुशार आहेस, मान्य. पण दर हंगामाला सरकारी तपासनीस येतो. मासे घेऊन जातो, प्रयोगशाळेत तपासतात. एकदाही नापास झालो नाही! उद्याच यायचाय तो. त्यांनी खराब म्हटलं तर थांबेन. तोवर उगाच घाबरवू नकोस तुझ्या मामीला."

त्याने वाटी भरून मामीपुढे ठेवली. वर दोन काळजं तरंगत होती.

मामीने वाटीकडे पाहिलं, मग पोटावर हात ठेवला. "आज नको मला," ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे हो. तुम्ही किती मायेने करता ते मला माहीत आहे. पण नको."

मामाने वाटी उचलली आणि बराच वेळ ती तशीच हातात धरून तो उभा राहिला. तोफला काहीतरी विनोद करावासा वाटला, पण सुचला नाही.

*

तपासनीस मोटारीतून आला. हातात बर्फाची निळी पेटी, कपाळावर घाम.

"या, या साहेब! आधी चहा," मामा म्हणाला आणि स्वतः पडवीत गेला. त्याने टबातले दोन उत्तम मासे निवडले. खवले काढले. डोकी उडवली, पोट साफ केलं, कणा अलगद ओढून काढला. पांढरेशुभ्र तुकडे पाण्याखाली धरून धुतले, पुसले, स्वच्छ पिशवीत भरले आणि पिशवी पडवीत आणलेल्या निळ्या पेटीत ठेवली. शंकासूर दारात उभी राहून बघत होती.

"मामा, साहेबांना नेहमी असेच देतोस?"

"मग! घरी आलेल्या माणसाच्या हातात आतड्यांसकट मासा द्यायचा? बरं दिसतं का ते? काम नीटनेटकंच हवं आपलं."

डोकी, काटे आणि काळजं बाजूच्या पातेल्यात पडली होती. मामीच्या रश्शासाठी.

शंकासूर पळतच अंगणात आली. तिने दोघांना पेरूच्या झाडामागे ओढलं.

"प्रयोगशाळेत काय जातं? मांस. शिसं कुठे साठतं? हाडांत, कल्ल्यांत, काळजात. मामा दरवेळी नेमकं तेच काढून ठेवतो आणि उरलेलं तपासायला देतो!"

"मुद्दाम?" चिंगळीने विचारलं.

"छे गं! पाहुणचार म्हणून. त्याला माहीतच नाही."

"मग सांगू या ना तपासनिसाला!" तोफ म्हणाला.

त्यांनी सांगून पाहिलं. तपासनीस चहात बिस्कीट बुडवत हसला. "अरे बाळांनो, तुकडेच बरे. अख्खा मासा नेला, की मोटारीला आठवडाभर वास!"

शंकासूरने तोफकडे पाहिलं. तोफने मान डोलावली आणि तपासनिसासमोर मांडी घातली.

"साहेब, तुमच्या मोटारीचं इंजिन कुठलं? आवाजावरून ओळखलं मी! माझा एक मित्र म्हणतो, चढावर ही गाडी दमते. खरं का?"

"दमते? कोण म्हणतो दमते?" तपासनीस कप खाली ठेवून सरसावला.

पडवीत दोघी बहिणी झटपट कामाला लागल्या. पेटीतला बर्फ बाजूला. मामाची पिशवी होती तिथेच. तिच्याखाली दुसरी पिशवी, तिच्यात तळ्यातला अख्खा मासा, डावा पर कापलेला, पाठ वाकडी. तिच्याखाली तिसरी, तिच्यात सरोवरातला मासा, दोन्ही पर शाबूत. प्रत्येक पिशवीला चिकटपट्टी, पट्टीवर मासा कुठला ते लिहिलेलं. वर पुन्हा बर्फ.

"ताई, ही चोरी नाही ना?"

"चोरी म्हणजे दुसऱ्याचं घेणं. आपण तर त्यांना जास्तीचं देतोय!"

"पण सरोवरातला कशाला? तो तर चांगला आहे."

"चांगला आहे हे आपण म्हणतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फरक कसा कळणार?"

बाहेर तोफ विचारत होता, "आणि हॉर्न? हॉर्न वाजवून दाखवा ना!"

*

त्यानंतरचे दिवस संथ गेले. मामाने आणखी एक खेप वसतिगृहाला पाठवली. शंकासूर गाडी जाईपर्यंत दारात उभी होती. "मामा, निकाल येईपर्यंत तरी थांब," ती म्हणाली. मामाने "बघू" म्हटलं, आणि गाडी गेली. मामी आता रस्सा घेत नव्हती. मामा तो करतही नव्हता. पण टबातला वाकडा मासा हाताला लागला, की तो क्षणभर थांबायचा. पूर्वी थांबत नसे.

एका दुपारी तपासनिसाची मोटार पुन्हा आली. या वेळी तिच्यातून पांढऱ्या केसांच्या एक बाई उतरल्या. त्यांनी चहा नको म्हटलं.

"मी प्रयोगशाळेतून आले. ती पेटी कुणी भरली?"

"मी," मामा म्हणाला.

"तिन्ही पिशव्या?"

"तिन्ही? एकच तर होती."

तोफ एकदम छताकडे बघू लागला. चिंगळी शंकासूरच्या मागे सरकली. शंकासूर पुढे आली.

"दोन मी ठेवल्या. मामाला माहीत नव्हतं."

मामाचा चेहरा लाल झाला. "माझ्या पाठीमागे?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी ऐका. तुमच्या पिशवीतलं मांस मर्यादेत होतं, नेहमीसारखंच. सरोवरातला मासाही ठीक. पण तळ्यातल्या माशाची हाडं, कल्ले, यकृत, सगळीकडे शिसं. मर्यादेच्या कितीतरी पट. मी दोनदा तपासलं, कारण मलाच खरं वाटेना. इतकी वर्षं माझ्याकडे धुतलेले तुकडे येत होते आणि हे कोण सोलतं, असा प्रश्न मलाही पडला नाही."

"मांस ठीक आहे ना पण?" मामाने घाईने विचारलं. "म्हणजे खायला..."

"काटे कोण खातं?"

मामी म्हणाली, "मी. रश्शातून. आणि काळजं. आता बंद केलंय."

"उद्याच रक्त तपासून घ्या. मुलांचंही. लवकर कळलंय, हे चांगलं झालं. आणखी कुणाकडे जातात मासे?"

"वसतिगृहात," चिंगळी म्हणाली. "तिथे बारीक मासे काट्यांसकट वाटून वडे करतात. मुलांना आवडतात."

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग त्या शंकासूरकडे वळल्या. "तुलनेसाठी दुसरा मासा ठेवायचं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"छान. फार छान केलंत तिघांनी. आमच्याकडची शिकलेली माणसंही हे विसरतात." तोफची छाती फुगली. "पण सरकारी पेटीत असं गुपचूप काही ठेवायचं नसतं. हा निकाल मला कागदोपत्री वापरता येणार नाही. मी आज स्वतः नमुने नेईन, पण रीतसर हुकूम निघायला वेळ लागेल." त्या मामाकडे वळल्या. "तोवर तळं बंद करायला मी तुम्हाला भाग पाडू शकत नाही. ते तुम्हीच ठरवायचं."

मामा ओट्याच्या कडेवर बसला. त्याने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले.

"मी नीटनेटकं करून द्यायचो," तो म्हणाला. "त्यांना घाण नको म्हणून. आणि ती घाण हिला..." मामीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मासे अख्ख्या वर्षाचे आहेत," तो हळूच म्हणाला. "सगळे काढायचे. भिंत काढायची. गाळ उपसायचा."

"हो," मामी म्हणाली.

"लोक विचारतील."

"विचारू देत."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मामाने पडद्यावर पाहिलं आणि सगळ्यांना कळलं कोण आहे ते. दोनदा वाजून फोन थांबला. फोन पुन्हा वाजला.

मामाने तो कानाला लावला. वसतिगृहाच्या आचाऱ्याचा आवाज पडवीभर ऐकू आला. "काय शेठ, उद्याची गाडी वेळेवर ना? पोरांनी आत्ताच वड्यांचा घोशा लावलाय!"

मामा उभा राहिला. त्याने चिंगळीकडे पाहिलं, मग मामीकडे.

"उद्या गाडी येणार नाही," तो म्हणाला. "परवाही नाही. आणि नीट ऐका, मागच्या खेपेतले मासे शिल्लक असतील तर शिजवू नका. एकही नाही. मी आत्ता निघतो, तुमच्या मोठ्या सरांना स्वतः भेटून सगळं सांगतो... का म्हणजे? तळं बंद केलंय मी. आजपासून."